पाचव्या मजल्यावरच्या काकू

"महिन्याभरात ही अख्खी इमारत माझं ॲप वापरायला लागेल, लिहून ठेव!" घुम्याने फोनवर ताईला ठणकावून सांगितलं.

"तुला त्या इमारतीत ओळखतं तरी कोण?" ताईने विचारलं.

"ओळखतील! ॲप तर येऊ दे!"

"दीड वर्ष झालं तुला तिथे राहायला. शेजारच्याचं नाव सांग बघू."

घुम्याने विषय बदलला. शेजारच्या दारावर पाटी होती, पण ती वाचायची म्हणजे तिथे उभं राहावं लागलं असतं, आणि उभं राहिलं आणि दार उघडलं तर बोलावं लागलं असतं. एवढा धोका कोण पत्करणार?

घुम्या हे नाव अर्थातच ताईने ठेवलेलं. लहानपणी पाहुणे आले की हा पलंगाखाली जायचा आणि ते गेल्यावर बाहेर यायचा. आता चौतिसाव्या वर्षी पलंगाखाली मावत नव्हता, म्हणून वेबसाइट बनवायचं काम घरात बसून करायचा. धंदा असा की दिवसभर कुणाचं तोंड बघायला नको. कंपनीचा निरोप यायचा, 'ते निळं बटण जरा जास्त निळं करा.' हा करायचा. दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, 'फार निळं झालं.' हा पुन्हा पहिल्यासारखं करायचा, आणि सगळे खूश!

उरलेल्या वेळात गडी स्वतःची छोटी छोटी ॲप बनवायचा. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणारं ॲप. पाव शिळा व्हायच्या आधी बोंबलणारं ॲप. कुंडीला पाणी कधी घालायचं ते सांगणारं ॲप. (कुंडी एकच होती. ॲप बनवण्याच्या नादात तिला पाणी घालायचं राहून गेलं.) असली सतरा ॲप त्याने इंटरनेटवर टाकली होती, आणि प्रत्येकाला वापरणारा माणूस एकच. कोण, ते सांगायला नको.

आता खरं सांगतो. त्याला एकटं वाटायचं. फार एकटं वाटायचं. मागे तीन दिवस तापाने फणफणला होता, तर कुणाला पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी पार्सलवाल्याने "सही करा" म्हटलं, तेव्हा आपला आवाज बसलाय हे त्याचं त्यालाच कळलं. खाली वॉचमनकडे त्याची ओळख होती ती 'पाच-दोन, पार्सल' एवढीच. तापातून उठल्यावर त्याने ठरवलं, बस्स! कुणीतरी आपलं दार वाजवावं आणि त्याच्या हातात पार्सल नसावं! एवढीच त्याची मागणी. दुसरा कुणी असता तर सरळ शेजाऱ्याकडे चहाला गेला असता. घुम्याने ॲप बनवायला घेतलं.

ॲपचं नाव 'शेजार'. कुणाकडे काय जास्तीचं आहे, कुणाला काय हवंय, ते इमारतीतल्या लोकांनी एकमेकांना सांगायचं, गप्पा मारायच्या. बनवायला दीड महिना लागला. आता ॲप बनवताना त्यात माणसं नसतात, आणि माणसांशिवाय ते चालतंय की नाही हे कळत नाही. म्हणून ही मंडळी खोटी माणसं तयार करतात. घुम्यानेही सात केली. 'टेस्ट एक', 'टेस्ट दोन' असं करत 'टेस्ट सहा'पर्यंत आला आणि कंटाळला. सातव्या वेळी लहर आली. त्याने नाव टाकलं, 'काकू'. घराचा नंबर टाकल्याशिवाय ॲप आत घेईना, आणि नंबर इमारतीतलाच खरा हवा, म्हणून स्वतःचाच टाकला, पाच-दोन. मग काकूंच्या नावाने एक संदेशही लिहिला: 'माझ्याकडे शिडी आहे. ज्याला हवी त्याने न्यावी. वेळेत परत केली नाही तर त्याच शिडीने खिडकीतून येईन आणि कान पिळेन!'

स्वतःशीच हसला आणि विसरला.

ॲप सुरू करायच्या दिवशी त्याने कॉम्प्युटरला हुकूम सोडला, ज्यांचं नाव 'टेस्ट'ने सुरू होतं त्या सगळ्यांना उडव. कॉम्प्युटर हुकमाचा ताबेदार. त्याने सहाजणांना उडवलं. काकूंचं नाव 'टेस्ट'ने सुरू होत नव्हतं. काकू राहिल्या!

घुम्याने लिफ्टमध्ये कागद चिकटवला, वर येऊन स्वतःच्या नावाने पहिला संदेश टाकला, 'नमस्कार. वायफाय, कॉम्प्युटर इत्यादींबाबत अडचण असल्यास कळवावे', आणि वाट बघत बसला. एक दिवस गेला. दोन गेले. इमारतीत एकाही माणसाला वायफायची अडचण नव्हती. तीन गेले.

चौथ्या दिवशी टिंग झालं! घुम्या खुर्चीतून पडता पडता राहिला.

संदेश दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा होता, आणि तो त्याला नव्हता. 'काकू, पोट धरून हसले तुमचं वाचून! स्वयंपाकघरातला दिवा गेलाय. मिळेल का शिडी? कानाची हमी देते!'

सरळ माणसाने काय केलं असतं? 'माफ करा, काकू चुकून राहिल्या' असं कळवलं असतं. घुम्यानेही तसं लिहिलं. मग पुसलं. मग बोटं कीबोर्डवर ठेवून बसला, आणि ती बोटं आपली आपणच चालली: 'ने की गं! विचारतेस काय? अंधारात फोडणी करपवशील!'

पाठवल्यावर त्याला घाम फुटला. असं तो जन्मात कुणाशी बोलला नव्हता. 'गं' हे अक्षर त्याने आयुष्यात ताईखेरीज कुणाला लावलं नव्हतं!

आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे शिडी नव्हती.

तासाभरात तो शिडी विकत घेऊन आला. लिफ्टमध्ये मावेना. वॉचमन उठून आला.

"कुणाची शिडी?"

"का... काकूंची."

"कोण काकू?"

"पाच-दोन."

"पाच-दोन म्हणजे तुम्ही पार्सल ना?"

घुम्या शिडी खांद्यावर घेऊन जिन्याने पळाला. पाच मजले! वर पोचला तेव्हा जीव मेटाकुटीला आला होता. शिडी दाराबाहेर टेकवली, आत गेला आणि दाराच्या भोकाला डोळा लावून उभा राहिला. डॉक्टरीणबाई आल्या, शिडी उचलली, बंद दाराला "थँक्यू हं काकू!" म्हणाल्या आणि गेल्या. दीड वर्षात पहिल्यांदा त्याच्या दाराशी कुणी हसून बोललं होतं. घुम्या बराच वेळ तिथेच उभा होता.

मग काय विचारता! डॉक्टरीणबाईंनी पाचजणांना सांगितलं, पाचांनी पंधरांना, आणि दोन आठवड्यांत 'शेजार'वर एकेचाळीस माणसं झाली. सगळी काकूंसाठी! काकूंनी लिहावं, 'आज काही करावंसं वाटत नाही', आणि खाली चौदा उत्तरं यावीत. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष होते. ते काकूंना विचारल्याशिवाय सूचनासुद्धा लावेनात. चौथ्या मजल्यावर, बरोबर घुम्याच्या खाली, एक आजोबा एकटे राहायचे. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिलेले. ते रोज चारच्या ठोक्याला हजर. 'काय काकू, काय चाललंय?' काकू लिहायच्या, 'आधी सांगा, दुपारची गोळी घेतलीत का?' 'घेतो.' 'घेतो नाही, घेतली म्हणा!' मग तासभर गप्पा. घुम्या निळ्या बटणाचं काम बाजूला सारून पोटभर गप्पा मारायचा. डॉक्टरीणबाईंनी तर काकूंना खासगीत लिहिलं होतं की दवाखाना बंद केल्यावर त्या पेशंटच्याच खुर्चीत बसून जेवतात, कारण घरी एकटीला घास उतरत नाही.  घुम्याने काकूंच्या नावाने लिहिलं, 'माझंही तसंच आहे गं.' हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

एकदा त्याला वाटलं, आता वातावरण तापलंय, आपणही उडी घ्यावी. स्वतःच्या नावाने त्याने एक विनोद टाकला. कुणी हूं की चूं केलं नाही. दोन दिवसांनी त्याने तो पुसला आणि तोच विनोद, एक अक्षर न बदलता, काकूंच्या नावाने टाकला. तेवीस जण हसले! आणि खाली हेडमास्तरांनी लिहिलं, 'वा काकू! पण सावध राहा. परवा कुणीतरी तुमचा हाच विनोद चोरून टाकला होता!'

विनोद सांगायच्या आधीच चोरीला गेला! पण काकूंच्या बाबतीत कुणी घड्याळ बघतंय कशाला?

असे दिवस मजेत चालले होते. पण लोकांना आता काकू बघायच्या होत्या. 'काकू, खाली या ना!' म्हणून आग्रह सुरू झाला. घुम्याने काकूंना गुडघेदुखी दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'मग आम्हीच वर येतो.' त्याने काकूंच्या डोळ्यांना उजेड सोसेनासा केला. 'काळोखात बसू!' मग त्याने काकूंना माणसांच्या अत्तराची, साबणाची आणि पावडरीची ॲलर्जी करून टाकली. एक थाप पचवायला दुसरी, दुसरीला तिसरी. महिन्याभरात काकूंना एवढी दुखणी झाली की अख्खी इमारत हळहळायला लागली. बिचारी! एकटी बाई! एवढं सोसून किती हसरी!

आणि मग वॉचमनने तोंड उघडलं. "पण पाच-दोनमध्ये तर एक दाढीवाला राहतो."

झालं! त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंचा काकूंना खासगी संदेश आला. 'काकू, तुमच्या घरात तो दाढीवाला कोण आहे? घाबरू नका. तो शेजारी बसून वाचत असेल तर फक्त "हवा छान आहे" एवढंच लिहा. आम्ही काय ते समजू.'

घुम्याने घाईघाईने उत्तर दिलं, 'अगं तो माझा भाचा! फार गुणी मुलगा आहे.'

'गुणी? दीड वर्षात लिफ्टमध्ये मान वर करून बघितलं नाही त्याने!'

'लाजाळू आहे गं. मनाने सोनं! दिसायलाही बरा आहे, नाही का?'

उत्तर यायला बराच वेळ लागला. 'दाढी काढली तर सांगता येईल.'

घुम्याने उठून आरशात बघितलं. मग लिहिलं, 'तू आधी बोलून बघ ना त्याच्याशी. त्याला खरंच आवडेल.'  आपलीच शिफारस आपणच करायची पाळी शत्रूवरही येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये डॉक्टरीणबाई खरंच बोलल्या. "नमस्कार! कसे आहात?"

घुम्याने रात्रभर सात उत्तरं पाठ केली होती. सातही एकदम बाहेर यायला लागली आणि दारात अडकली. शेवटी तो म्हणाला, "दुसरा मजला."

"तिथूनच आले मी."

"हो. मी पाचवा."

आणि तळमजल्याला निघालेला हा माणूस पहिल्यावरच उतरून जिन्याने पळाला. वर येऊन बघतो तर काकूंना संदेश आलेला होता. 'बोलले हो काकू. तुम्ही म्हणता म्हणून बोलले. पण माणूस काही ठीक वाटत नाही. तुम्ही दाराला आतून कडी लावून झोपत जा.'

मग मात्र चक्रं भराभर फिरली. हेडमास्तरांनी कमिटी बोलावली. ठराव झाला, 'रविवारी सकाळी अकरा वाजता कमिटी पाच-दोनमध्ये जाऊन काकूंची प्रत्यक्ष भेट घेईल. भाच्याने हरकत घेतल्यास ऐकून घेतली जाणार नाही.'

शनिवारी रात्री उशिरा घुम्याने ताईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. ताई पाच मिनिटं नुसती हसत होती.

"ताई, हसू नकोस. काय करू ते सांग."

"खरं सांगून टाक की!"

"मग माझ्याशी कोण बोलेल?"

ताई हसायची थांबली. "अरे घुम्या, पण आत्ता तरी तुझ्याशी कोण बोलतंय?"

त्याने फोन ठेवला.  मग डोळे पुसले आणि काकूंचा शेवटचा संदेश लिहायला घेतला. 'मंडळी, मी बहिणीकडे कायमची राहायला चालले आहे. माझ्यावर फार माया केलीत. भाच्याला सांभाळा. तो वाईट नाही.' पाठवला, आणि मन बदलायच्या आत काकूंचं नाव ॲपमधून काढून टाकायचं बटण दाबलं.

हा माणूस कामात मोठा चोख! ॲप बनवताना त्यानेच सोय करून ठेवली होती की एखाद्याचं नाव काढलं की त्याने लिहिलेलं आणि त्याला आलेलं सगळं त्याच्याबरोबर जाईल, आणि त्याखालची उत्तरंही जातील. कचरा राहायला नको! त्यामुळे काकूंचे विनोद गेले, आजोबांच्या गप्पा गेल्या, डॉक्टरीणबाईंचं दुःख गेलं, आणि कुणी वाचायच्या आत निरोपाचा संदेशही गेला. एकेचाळीस जणांच्या फोनवर 'शेजार' एका सेकंदात रिकामं झालं. उरला एकच संदेश. 'वायफाय, कॉम्प्युटर इत्यादींबाबत अडचण असल्यास कळवावे.'

सकाळी खाली हलकल्लोळ! "काकूंचा फोन काढून घेतला त्याने!" "वॉचमन, काकू बाहेर पडल्या का?" "छे! कालपासून गेटमधून कुणी बाई सामान घेऊन गेली नाही." "म्हणजे आतच आहेत!" रविवारचे अकरा वाजेपर्यंत कुणाला धीर? साडेनऊलाच दार वाजलं!

वाजलं म्हणजे काय, धडधडलं! आणि वाजवणाऱ्यांच्या हातात पार्सल नव्हतं! हेडमास्तरांच्या हातात काठी होती, वॉचमनच्या हातात भर दिवसा टॉर्च होता, आणि डॉक्टरीणबाई सगळ्यांत पुढे होत्या. लिफ्ट नेमकी बंद पडल्यामुळे मागून आजोबा कठड्याला धरून एकेक पायरी चढत येत होते.

"काकू कुठे आहेत?" हेडमास्तर गरजले.

"अं... म्हणजे..."

"बाजूला व्हा!"

मंडळी आत घुसली. दीड खोलीचं घर, त्यात शोधायला कितीसा वेळ लागणार? वॉचमनने पलंगाखाली टॉर्च मारला. हेडमास्तरांनी काठीने पडदा बाजूला केला. डॉक्टरीणबाई न्हाणीघरातून किंचाळल्या, "इथे टूथब्रश एकच आहे! आणि तोसुद्धा काय झिजलाय! हा माणूस दात घासतो की फरशी?"

"कपही एकच!" स्वयंपाकघरातून वॉचमन ओरडला. "ताट एक, चमचा एक!"

"चपलांचा जोड एक, उशी एक, खुर्ची एक," हेडमास्तरांनी मोजलं आणि घुम्याकडे वळले. "म्हणजे काकूंचं सगळं सामान नाहीसं केलंत तुम्ही!"

"नाही हो," घुम्या म्हणाला. "माझंच आहे. एवढंच आहे."

"मग काकू कुठे गेल्या?"

"गेल्या नाहीत. नव्हत्याच. काकू म्हणजे... मी."

आधी कुणाचा विश्वासच बसेना. "हा?" वॉचमन म्हणाला. "याला 'पार्सल आलंय' म्हटलं तर 'बरं' म्हणायला दोन मिनिटं लागतात!" हेडमास्तर म्हणाले, "काकूंसारखं बोलून दाखवा बरं!" घुम्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग त्या एकुलत्या एका खुर्चीत जाऊन बसला आणि कीबोर्ड पुढे ओढला. मंडळी पाठीमागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर अक्षरं उमटली:

'हेडमास्तर, काठी खाली ठेवा आधी! घरात पाहुणे म्हणून आलात की दरोडा घालायला? आणि डॉक्टरीणबाई, मला माफ कर गं. मी वाईट नाही. मला फक्त कुणाशी बोलता येत नाही.'

"काकू!" डॉक्टरीणबाईंच्या तोंडून निघून गेलं.

मग त्या लाल झाल्या. "मी तुम्हाला जेवणाचं सांगितलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुणालाच सांगितलं नव्हतं ते. आईसारखी बाई आहे समजून सांगितलं."  घुम्याने टाइप करायला बोटं उचलली, तर त्या म्हणाल्या, "लिहू नका!" आणि निघून गेल्या. हेडमास्तरांनी "कमिटी याची दखल घेईल" असं सांगितलं, पण त्यांचाही चेहरा पडला होता. त्यांना आता सूचना कुणाला विचारून लावायच्या हा प्रश्न होता. वॉचमन टॉर्च विझवून त्यांच्या मागे गेला. घुम्याने दार लोटलं. टेबलावर फोन वाजत होता. 'शेजार'मधून माणसं आपापली नावं काढून घेत होती. एकेचाळीस. तीस. अठरा.

"आहे का कुणी उठवून बसवणारं? की मी जमिनीवरच राहू?"

घुम्या दचकून वळला. आजोबा पलंगाच्या कडेला टेकायला गेले होते आणि घसरून खाली बसले होते. घुम्याने त्यांना धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं.

"मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं," आजोबा म्हणाले.

"काय?"

"काकू नाहीत ते. अरे, मी तुझ्या खाली राहतो. वर एकच माणूस चालतो, हे मला कळणार नाही? मी चारला लिहिलं की वर तुझी खुर्ची सरकते. तुला हसू आलं की तू पाय आपटतोस. चाळीस वर्षं तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते ओळखण्यात गेली माझी!"

"मग... सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू? दुपारची गोळी घेतली का म्हणून मला कुणी विचारलं असतं?" आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले. "बायको गेल्यापासून नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तू कोण का असेनास, विचारत होतास. म्हटलं, चाललंय ते चालू दे."

घुम्याचे डोळे भरून आले. त्याला खूप काही बोलायचं होतं. "आजोबा, मी... म्हणजे तुमचे... तुम्ही ते..."

"नको," आजोबांनी हात वर केला. "हे असलं नको. काकू कशा घडाघडा बोलायच्या! तू आपला त्यांना परत आण आणि लिही. मी इथेच बसतो."

"इथे? समोरासमोर?"

"मग काय झालं? तुला तोंडाने जमत नाही, मला जिने जमत नाहीत. आता चढून आलोच आहे तर तासभर तरी बसू दे."

घुम्याने काकूंचं नाव पुन्हा घातलं आणि पलंगावर मांडी घालून लॅपटॉप पुढ्यात घेतला. आजोबांनी खिशातून फोन काढला, चष्मा चढवला. टिंग! आजोबा वाचून हसले आणि एका बोटाने ठोकत उत्तर लिहायला लागले. टिंग! घुम्याने पाय आपटला. चार हातांवर बसलेली ही दोन माणसं दोन तास एकमेकांना लिहीत होती. तोंडातून एक शब्द नाही! कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, दोघांचं भांडण झालेलं दिसतंय.

साडेबाराला आजोबा उठले. घुम्याने त्यांना धरून जिन्याने खाली त्यांच्या दारापर्यंत नेलं. आजोबा किल्ली लावत होते. घुम्याने एकदा खोल श्वास घेतला, कठडा घट्ट पकडला आणि म्हणाला, "आजोबा, उद्या मीच येतो तुमच्याकडे. चारला. चहा घेऊ."

आजोबांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.  घुम्याला वाटलं, आगाऊपणा झाला का आपल्याकडून? एकेक पायरी चढत तो वर आला आणि दार उघडतोय तोच आत टेबलावर फोन वाजला. 'शेजार'वर आता दोनच माणसं उरली होती, आणि एकाने दुसऱ्याला लिहिलं होतं:

'काकू, काकू! एक बातमी आहे! तुमचा भाचा आज बोलला हो! सलग तीन वाक्यं!'